हेन्री नॉक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध म्हटलं की वॉशिंग्टन, हॅमिल्टन, फार तर बेनेडिक्ट आर्नल्ड ही नावं आठवतात. वॉशिंग्टनचा तोफखाना सात-आठ वर्षं ज्याने वाहिला आणि नंतर नव्या देशाचं युद्धखातं सांभाळलं, त्या नॉक्सबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हेन्री नॉक्स कोण होता? थोडक्यात सांगा.

जन्म २५ जुलै १७५०, बॉस्टन. मृत्यू २५ ऑक्टोबर १८०६, थॉमस्टन, मेन. आधी पुस्तकविक्रेता, मग वॉशिंग्टनच्या सैन्याचा तोफखानाप्रमुख, मग मेजर जनरल, आणि १७८५ ते १७९४ युद्धखात्याचा मंत्री. त्यातली पहिली चार वर्षं जुन्या काँग्रेसच्या, म्हणजे राज्यघटनेआधीच्या केंद्रीय सभेच्या, हाताखाली गेली, पुढची राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात. शेवटी मेनमधला जमीनदार आणि कर्जबाजारी. पेशवाईत तोफखाना पानशांकडे असायचा, तसा अमेरिकन सैन्यात तो नॉक्सकडे होता. फरक एवढाच, की पानशांकडे तो घराण्याने आला आणि नॉक्सकडे पुस्तकं वाचून.

नावातला सुरुवातीचा ‘के’ उच्चारत नाहीत. ‘नॉक्स’ एवढंच.

पुस्तकं विकणाऱ्याला तोफा कशा कळल्या?

बाप जहाजांच्या धंद्यातला. धंदा बुडाला तसा घर सोडून वेस्ट इंडीजला गेला आणि १७६२ मध्ये तिकडेच वारला. हेन्रीची शाळा सुटली आणि तो एका पुस्तकांच्या दुकानात कामाला लागला. मालकाने वाचायला मुभा दिली होती. २१ व्या वर्षी, १७७१ मध्ये, त्याने स्वतःचं ‘लंडन बुक-स्टोअर’ उघडलं. बॉस्टनमध्ये तेव्हा ब्रिटिश फौजेचा तळ होता आणि दुकानात ब्रिटिश अधिकारी यायचे. नॉक्स त्यांच्यासाठी युद्धशास्त्राची, किल्ले बांधणीची पुस्तकं मागवायचा, विकण्याआधी स्वतः वाचायचा आणि अडलेलं गिऱ्हाइकालाच विचारायचा.

नुसतं वाचन मात्र नव्हतं. तो शहरातल्या हौशी तोफखाना पथकात कवायत करायचा आणि १७७२ मध्ये निघालेल्या ग्रेनेडियर पथकाचा दुय्यम अधिकारी होता. १७७३ मध्ये शिकारीला गेला असताना बंदूक हातात फुटली आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली. पुढे आयुष्यभर तो हात तो रुमालात गुंडाळून ठेवायचा.

बॉस्टन हत्याकांडाच्या वेळी तो तिथे होता, हे खरं का?

खरं. ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, ते हे हत्याकांड. ५ मार्च १७७० च्या रात्री किंग स्ट्रीटवर जमाव आणि सैनिक समोरासमोर आले तेव्हा एकोणीस वर्षांचा नॉक्स गर्दीत होता. सैनिक घेऊन आलेल्या कॅप्टन प्रेस्टनला त्याने बजावलं, की माणसं मागे घे, गोळी चालली तर तुझा जीव जाईल. पुढच्या खटल्यात त्याने साक्षही दिली.

लग्न राजनिष्ठ घराण्यात कसं झालं?

मुलगी दुकानात यायची. लूसी फ्लकर ही मॅसॅच्युसेट्स प्रांताच्या शाही सचिवाची, थॉमस फ्लकरची लेक. घरच्यांचा विरोध असताना १६ जून १७७४ ला लग्न झालं. वर्षभरात लढाईला तोंड फुटलं आणि नवराबायको गुपचूप बॉस्टनबाहेर पडले. नवऱ्याची तलवार लूसीने आपल्या झग्याच्या अस्तरात शिवून नेली, ही गोष्ट घराण्याच्या परंपरेतली आहे. मागे राहिलेलं दुकान लुटलं गेलं. मार्च १७७६ मध्ये ब्रिटिशांनी शहर सोडलं तेव्हा फ्लकर कुटुंब त्यांच्याबरोबर गेलं. लूसीला आईवडील पुन्हा दिसले नाहीत.

या जोडप्याला तेरा मुलं झाली. मोठी होईपर्यंत जगली फक्त तीन.

टिकॉनडेरोगाहून तोफा आणल्या म्हणजे नेमकं काय केलं?

एप्रिल १७७५ मध्ये अमेरिकनांनी बॉस्टनला वेढा घातला, पण शहरावर मारा करायला जड तोफाच नव्हत्या. तिकडे उत्तरेला, शॅम्प्लेन आणि जॉर्ज या दोन सरोवरांच्या मधला टिकॉनडेरोगाचा किल्ला इथन ॲलन आणि बेनेडिक्ट आर्नल्डने १० मे रोजी घेतला होता आणि तिथे तोफा नुसत्या पडून होत्या. अंतर ३०० मैलांच्या आसपास, मध्ये सरोवर, नद्या, डोंगर, आणि तोंडावर हिवाळा. नॉक्सला अशा कामाचा काडीचा अनुभव नव्हता. कर्नलपदाचा हुकूमसुद्धा तो निघाल्यानंतर मंजूर झाला, म्हणजे वाटेत तो कागदोपत्री मुलकी माणूसच होता.

५ डिसेंबरला तो किल्ल्यावर पोचला. पहिलं काम निवडीचं. सगळ्या तोफा कामाच्या नव्हत्या, कित्येक गंजलेल्या, झिजलेल्या होत्या. त्याने ५९ नग निवडले: ४३ लांब नळीच्या तोफा, १४ उखळी तोफा आणि २ हॉवित्झर (आखूड नळीच्या तोफा). वजन मिळून सुमारे १ लाख १९ हजार पौंड, म्हणजे जवळपास ५४ टन. शिवाय २,३०० पौंड शिसं आणि बंदुकीच्या चकमकींचं एक पिंप. तोफेची दारू मात्र नाही. ही बाब नेहमी विसरली जाते: बॉस्टनपुढच्या फौजेचा खरा दुष्काळ दारूचा होता, आणि तो टिकॉनडेरोगाने मिटला नाही.

सरोवरातून तोफा कशा नेल्या? एक नाव बुडाली होती ना?

तोफा आधी किल्ल्यापासून जॉर्ज सरोवराच्या उत्तर टोकापर्यंत आणल्या आणि तिथे सपाट तळाच्या नावांत भरल्या. दक्षिण टोकाचा फोर्ट जॉर्ज तिथून तीसेक मैल. ९ डिसेंबरला नावा निघाल्या. वारा समोरचा, त्यामुळे बराचसा प्रवास वल्ही मारून. काठाकाठाने बर्फ धरायला लागलं होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर नाव चालली नसती आणि बर्फ तोफेचा भार पेलण्याइतकं जाड झालं नसतं, म्हणजे दोन्हीकडून अडकले असते.

एक नाव खडकावर आपटून बुडाली. नशीब, की पाणी उथळ होतं आणि नावेची कड वर राहिली. पाणी उपसलं, नाव पुन्हा तरंगती केली, तोफ शाबूत. या नावांवर हेन्रीचा धाकटा भाऊ विल्यम देखरेखीला होता.

तोफा बैलांनी ओढल्या की घोड्यांनी? चित्रांत तर बैलच दिसतात.

चित्रं नॉक्सच्या पत्रावर बेतलेली आहेत. १७ डिसेंबरला त्याने वॉशिंग्टनला कळवलं, की ४२ मजबूत घसरगाड्या बनवून घेतल्या आहेत आणि ८० बैलजोड्या मिळणार आहेत, सोळा-सतरा दिवसांत ‘तोफांचा उमदा ताफा’ हजर करतो. पण बैलांच्या भावावरून घासाघीस झाली, उत्तरेकडच्या अमेरिकन फौजेचा प्रमुख जनरल स्कायलर याने तो सौदा मोडला आणि त्याऐवजी घोडे आणि घोड्यांच्या घसरगाड्या जमवल्या. १२४ घोडाजोड्यांचा आकडा त्यातलाच. न्यूयॉर्कच्या हद्दीत मुख्यतः घोडेच होते, पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये बैल लागले. सोळा-सतरा दिवसांचे सहा आठवडे झाले, हेही सांगितलं पाहिजे.

उशीर कशामुळे झाला?

आधी बर्फ नाही म्हणून, मग बर्फ फार म्हणून, मग बर्फ वितळलं म्हणून. घसरगाडीला जमिनीवर बर्फाचा थर लागतो, आणि तो नाताळापर्यंत पडला नाही. पडला तो इतका, की नॉक्सला ऑल्बनीची वाट गुडघाभर बर्फातून पायी काढावी लागली. त्यानंतर नदी गोठायची वाट. हडसन एकदा नाही, चार वेळा ओलांडायची होती.

नदी ओलांडायची रीत अशी. गोठलेल्या पात्रात जागोजाग भोकं पाडायची. खालचं पाणी वर येऊन पसरतं आणि रात्रीत गोठतं, थराची जाडी वाढते. असं दोन-तीन रात्री करायचं. मग गाडी नेताना घोडे आणि घसरगाडी यांच्यात लांबलचक दोर ठेवायचा, म्हणजे दोघांचं वजन एकाच जागी येत नाही. दोराशेजारून एक माणूस कुऱ्हाड घेऊन चालणार. गाडी खाली जायला लागली, की दोर तोडायचा. तोफ गेली तरी घोडे वाचतात.

तरीही जानेवारीत तोफा पाण्यात गेल्याच, उन्हाळ्यासारखी ऊब पडून बर्फ कच्चं झालं होतं. ऑल्बनीच्या लोकांनी मदत करून एक तोफ बाहेर काढली. तिचं नाव त्यांच्या मानाखातर ‘ऑल्बनी’ ठेवलं.

आणि डोंगर?

बर्कशायरच्या डोंगरांत चढापेक्षा उतार वाईट. दोन टनांची तोफ बर्फाच्या उतारावर सुटली, की पुढच्या जनावरांच्या अंगावर जाणार. त्यासाठी घसरगाडीला मागून दोर बांधून तो झाडांच्या बुंध्यांना वेढे देत देत हळूहळू सोडायचा, आणि धावांखाली साखळ्या व लाकडी दांडे घालून घर्षण वाढवायचं. ब्लँडफर्डजवळ गाडीवानांनी उतार पाहून साफ नकार दिला. तीन तास समजूत घातल्यावर गाड्या हलल्या. वेस्टफील्डला गावकरी तोफा पाहायला लोटले तेव्हा नॉक्सने एका उखळी तोफेला बत्ती देऊन बार काढून दाखवला.

जानेवारी १७७६ च्या शेवटच्या आठवड्यात ताफा केंब्रिजजवळ पोचला. खर्चाचा हिशेब ५२० पौंडांच्या घरात, शिलिंग-पेन्सपर्यंत मांडलेला. सरकारी पैशाचा हा काटेकोर हिशेब लक्षात ठेवा. पुढे घरच्या पैशाचा विषय यायचा आहे.

‘१८ पौंडी’, ‘२४ पौंडी’ म्हणजे तोफेचं वजन का?

नाही, गोळ्याचं. २४ पौंडी तोफ २४ पौंडांचा, म्हणजे अकरा किलोच्या आसपासचा लोखंडी गोळा फेकते. ती तोफ स्वतः ५,००० पौंडांच्या पुढे, सव्वादोन टनांहून जास्त भरते. मैदानात घोड्यांमागे पळवायच्या तोफा ३, ४ किंवा ६ पौंडी असत, वेढ्याच्या १८ आणि २४ पौंडी. उखळी तोफ मात्र तोंडाच्या व्यासाने, इंचांत मोजायची.

डॉर्चेस्टर हाइट्सवर एका रात्रीत मोर्चे कसे उभे राहिले?

डॉर्चेस्टर हाइट्स म्हणजे बॉस्टन आणि बंदर माऱ्यात येईल अशी टेकडी. जमीन गोठून दगड झाली होती, खणणं अशक्य. म्हणून जमिनीवरच तटबंदी उभी करायची, असा बेत अमेरिकन फौजेतल्या रूफस पटनमने सुचवला. जाड लाकडी चौकटी आधीच बनवल्या, त्यांत भरायला काटक्यांच्या जुड्या बांधल्या, गवताचे गठ्ठे दाबून ठेवले. ४ मार्च १७७६ च्या रात्री शेकडो बैलगाड्यांतून हे सगळं टेकडीवर चढवलं. आवाज लपावा म्हणून शहराच्या बाजूला गवताच्या गठ्ठ्यांची आड भिंत घातली, आणि दुसऱ्या ठाण्यांवरून तोफांचा मारा चालू ठेवला.

५ मार्चच्या सकाळी ब्रिटिशांना टेकडीवर तयार मोर्चे दिसले. हत्याकांडाला त्याच दिवशी सहा वर्षं होत होती. बंदरातल्या जहाजांच्या तोफा एवढ्या वर रोखता येत नव्हत्या. ब्रिटिश सेनापती जनरल हाउने चढाईचा हुकूम काढला, पण रात्री वादळ आलं आणि बेत रद्द झाला. १७ मार्चला ब्रिटिश गलबतं निघाली. टेकडीवर चढवलेल्या तोफांना शहरावर मोठा मारा करायची वेळच आली नाही.

तोफ डागायचे टप्पे कोणते? स्वतःचीच तोफ का फुटायची?

१. ओल्या बोळ्याच्या दांड्याने नळी पुसायची. मागच्या बाराची धगधगती चिंधी आत राहिली असेल तर ती विझली पाहिजे.
२. हे चालू असताना एकाने चामडी अंगुस्तान घातलेल्या अंगठ्याने तोफेचा कान (बत्ती द्यायचं मागचं भोक) दाबून धरायचा, म्हणजे हवा आत जाऊन ठिणगी फुलणार नाही.
३. कापडी पिशवीतली दारू आत सारायची, मग गोळा किंवा छर्ऱ्यांचा डबा, आणि गजाने ठासायचं.
४. कानातून तार घालून दारूची पिशवी टोचायची.
५. कानात रंजक (पेट धरणारी बारीक दारू) भरायची.
६. तोफ रोखायची, सगळ्यांनी चाकांपासून बाजूला व्हायचं, बत्ती द्यायची. मागे धक्का बसतो, पाय चाकाखाली सापडला तर गेला.

घात बहुतेक वेळा पहिल्या दोन टप्प्यांत. घाईत किंवा नशेत नळी नीट पुसली नाही, की दारू ठासतानाच पेट घेते आणि समोर गज धरून उभा असलेला माणूस उडतो. १२ जुलै १७७६ ला न्यूयॉर्कपाशी ब्रिटिश जहाजं हडसनमध्ये शिरली तेव्हा अमेरिकन गोलंदाज शत्रूच्या गोळ्यांपेक्षा आपल्याच तोफेने जास्त मेले, कारण निष्काळजीपणा. उखळी तोफांचं दुखणं वेगळं: खालची बैठक पक्की नसली, तर धक्का एकीकडे बसून नळीच तडकते. बॉस्टनच्या वेढ्यात तसं झालं होतं.

कवायतीशिवाय हे सुधारणार नाही, हे नॉक्सने ओळखलं. १७७८-७९ च्या हिवाळ्यात न्यू जर्सीतल्या प्लकमिनला त्याने तोफखान्याची छावणी वसवली आणि अधिकाऱ्यांसाठी रीतसर वर्ग चालवले. वेस्ट पॉइंटची अकादमी निघाली १८०२ मध्ये.

डेलावेअर ओलांडताना त्याचं काम काय होतं?

आवाज. गंमत नाही. २५ डिसेंबर १७७६ ची रात्र, नदीत बर्फाचे तुकडे, वर गारा-पावसाचा मारा, काळोखात काठावर २,४०० माणसं, घोडे आणि १८ तोफा. कोणती तुकडी कोणत्या नावेत, हे ओरडून सांगणारा जो दणदणीत आवाज त्या गोंधळात ऐकू येत होता, तो नॉक्सचा. माणसं लांबट डरहॅम नावांतून गेली, तोफा आणि घोडे सपाट तराफ्यांवरून. मध्यरात्रीपर्यंत संपायचं काम पहाटे तीनला संपलं.

एवढ्या माणसांमागे १८ तोफा हे प्रमाण नेहमीच्या दुपटीहून जास्त होतं, आणि त्यामागे हिशेब होता. पावसात बंदुकीची चकमक भिजते आणि बंदुकीची काठी होते. तोफेचं तोंड आणि कान मात्र झाकून ठेवता येतात. नदीपलीकडच्या ट्रेंटन गावात दोन मुख्य रस्त्यांच्या माथ्यावर तोफा लावल्या आणि खालून गोळा होणाऱ्या हेसियन, म्हणजे ब्रिटिशांच्या भाडोत्री जर्मन, पलटणींना रांगच धरू दिली नाही. नऊशेच्या आसपास कैदी मिळाले. दुसऱ्याच दिवशी, २७ डिसेंबरला, काँग्रेसने नॉक्सला ब्रिगेडियर जनरल केलं.

त्याचा सल्ला चुकल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि चांगलंच महागात पडलेलं. ४ ऑक्टोबर १७७७, जर्मनटाउन. शंभर-सव्वाशे ब्रिटिश सैनिक च्यू कुटुंबाच्या दगडी वाड्यात शिरून बसले. काहींचं म्हणणं, थोडी माणसं पहाऱ्याला ठेवून पुढे जाऊ. नॉक्सने पुस्तकातलं सूत्र काढलं: पाठीमागे शत्रूच्या ताब्यातला किल्ला ठेवून पुढे जाऊ नये. वॉशिंग्टनने ऐकलं. हलक्या तोफांचे गोळे त्या जाड भिंतींना काही करू शकले नाहीत, वेळ गेला, धुक्यात पुढच्या फौजेत गोंधळ माजला आणि लढाई हातची गेली. सूत्र बरोबर असेल, पण तो वाडा होता, किल्ला नव्हे. वाचून शिकलेल्या माणसाची ही ठरलेली ठेच.

यॉर्कटाउनला तोफखान्याने काय केलं? कॉर्नवॉलिस तोच का, आपल्याकडे आलेला?

तोच. १७८१ च्या ऑक्टोबरात व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला हा ब्रिटिश सेनापती वेढला गेला. पद्धत युरोपीय वेढ्याची: शत्रूच्या तटापासून सहाशे-आठशे यार्डांवर समांतर खंदक, त्यात मोर्चे, तोफा, मग तिथून नागमोडी चर पुढे नेत तीनशे यार्डांवर दुसरा खंदक. ९ ऑक्टोबरला मारा सुरू झाला, १७ ला तहाचा ढोल वाजला, १९ ला सात हजारांवर फौज शरण आली. या कामगिरीवर नॉक्स मेजर जनरल झाला.

कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यात आला. मे १७९१ मध्ये टिपूविरुद्ध तो श्रीरंगपट्टणपर्यंत पोचला, पण बैल मेले, रसद संपली, आणि वेढ्याच्या जड तोफा त्याला स्वतःच निकामी करून टाकाव्या लागल्या. परतीच्या वाटेवर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज येऊन मिळाली आणि त्यांच्या बाजारातल्या दाणागोट्यावर इंग्रजी छावणी जगली. नॉक्सचं टिकॉनडेरोगा का मोठं, हे समजायला याहून चांगली तुलना नाही: वेढ्याची तोफ ही गोलंदाजाआधी बैलवाल्याची गोष्ट आहे.

तो खरंच एवढा जाडा होता?

ऑगस्ट १७८३ मध्ये वेस्ट पॉइंटला बड्या अधिकाऱ्यांनी हौसेने वजनं केली होती. वॉशिंग्टन २०९ पौंड, बेंजामिन लिंकन २२४, नॉक्स २८०. म्हणजे १२७ किलो.

सोसायटी ऑफ द सिनसिनाटीवर टीका का झाली?

मे १७८३ मध्ये नॉक्सच्या पुढाकाराने निघालेली ही माजी अधिकाऱ्यांची संघटना. सभासदत्व बापाकडून थोरल्या मुलाकडे जाणार, अशी तरतूद होती. राजा नको म्हणून लढलेल्या देशात हे नवं सरदारघराणं कशाला, असा सवाल उठला. संघटना आजही आहे.

युद्धमंत्री म्हणून त्याच्या हाताखाली किती फौज होती?

मार्च १७८५ मध्ये काँग्रेसने नेमलं तेव्हा मंजूर फौज ७०० माणसांची. एवढ्यात ओहायोची सरहद्द, पश्चिमेची ठाणी, शस्त्रागारं, सगळं. १७८६-८७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी डॅनियल शेजच्या पुढारीपणाखाली बंड केलं आणि स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चाल केली. हे शस्त्रागार उभारायची सूचना मुळात नॉक्सचीच, पण ते राखायला केंद्राकडे शिपाई नव्हते. राज्याच्या मिलिशियाने (नागरिकांच्या फौजेने) आतल्याच तोफा बाहेर काढून छर्रे झाडले, चार माणसं मेली. नॉक्सने वॉशिंग्टनला लिहिलेल्या पत्रात बंडखोरांचं बळ आणि त्यांचे हेतू बरेच फुगवले आहेत. त्या पत्राचा परिणाम मात्र झाला. मजबूत केंद्र हवं, हे वॉशिंग्टनचं मत पक्कं झालं.

नव्या राज्यघटनेनुसार सप्टेंबर १७८९ मध्ये तो पुन्हा त्याच खुर्चीवर बसला. पगार वर्षाला ३,००० डॉलर, परराष्ट्र आणि अर्थमंत्र्यांपेक्षा ५०० ने कमी.

मूळ रहिवाशांबद्दल त्याचं धोरण न्यायाचं होतं की नाही?

कागदावर, त्या काळाच्या मानाने, पुष्कळच. १७८९ च्या अहवालात त्याने मांडलं, की या लोकांचा ताबा आधीपासूनचा आहे, जमीन त्यांची आहे आणि त्यांच्या राजीखुशीशिवाय किंवा न्याय्य युद्धाशिवाय ती घेता येणार नाही. करार राज्यांनी नव्हे, केंद्राने करायचे. ऑगस्ट १७९० मध्ये क्रीक जमातीचा पुढारी अलेक्झांडर मॅकगिलिव्रे याच्याशी न्यूयॉर्कला झालेला तह याच धोरणाचा. पण जॉर्जियाने तो जुमानला नाही आणि वसाहतवाल्यांना आवरायला फौज नव्हती. शिवाय ‘न्याय्य युद्ध’ कोणतं हे ठरवणारा तोच, आणि ओहायोत मोहिमा पाठवणाराही तोच. डिसेंबर १७९४ मध्ये जाता जाता त्याने लिहून ठेवलं, की मेक्सिको-पेरू जिंकणाऱ्यांपेक्षाही आपली रीत या लोकांना जास्त मारक ठरली आहे.

सेंट क्लेअरच्या पराभवात नॉक्सचा दोष किती?

४ नोव्हेंबर १७९१, वाबाश नदीचा काठ. जनरल सेंट क्लेअरच्या सुमारे १,४०० माणसांवर पहाटे मायामी, शॉनी आणि इतर जमातींनी हल्ला केला. सहाशेहून जास्त सैनिक मेले. मूळ रहिवाशांशी झालेल्या युद्धांतला अमेरिकन सैन्याचा हा सर्वांत मोठा पराभव.

कारणं एकमेकांत गुंतलेली. सहा महिन्यांच्या बोलीवर उचललेली कच्ची माणसं. बंदुकीची दारू खराब, तंबू गळके, जोडे फाटके, कुऱ्हाडी बोथट. मोहीम उन्हाळ्यात निघायची ती शरदात निघाली. पुरवठ्याचा ठेका विल्यम ड्यूअरकडे होता आणि त्याने सरकारी उचल सट्ट्यात फिरवली. आता मुद्द्याचं: मेनमधल्या लाखो एकर जमिनीच्या खरेदीत हाच ड्यूअर नॉक्सचा भागीदार होता. मंत्री आणि ठेकेदार एकाच सौद्यात असल्यावर ठेकेदाराला कोण दटावणार? आमच्या मते दोष मोठा आहे. शिलिंग-पेन्स लिहिणाऱ्या नॉक्सने हा पुरवठा तपासलाच नाही.

काँग्रेसने चौकशी समिती नेमली, अशी ही पहिलीच. कागदपत्रं द्यायची का यावर मंत्रिमंडळ बसलं, आणि राष्ट्राध्यक्ष काही कागद राखून ठेवू शकतात, या परंपरेची सुरुवात तिथे झाली.

त्यानंतर नॉक्सने फौज मुळापासून बांधली: ५,१२० माणसांचं लीजन, चार भागांत, प्रत्येकात पायदळ, घोडदळ आणि तोफखाना एकत्र. जनरल अँथनी वेनने ते दोन वर्षं घोटून तयार केलं आणि २० ऑगस्ट १७९४ ला मूळ रहिवाशांविरुद्धची फॉलन टिंबर्सची लढाई जिंकली.

आरमाराशी त्याचा संबंध कसा?

आरमाराचं वेगळं खातं १७९८ पर्यंत नव्हतं, ते युद्धमंत्र्याकडेच असे. अल्जियर्सचे चाचे अमेरिकन जहाजं धरू लागले तेव्हा मार्च १७९४ च्या कायद्याने सहा फ्रिगेट (वेगवान लढाऊ जहाजं) मंजूर झाली: चार ४४ तोफांची, दोन ३६ तोफांची. ती सहा वेगवेगळ्या बंदरांत बांधायला घेतली, म्हणजे सहा ठिकाणी काम आणि सहा ठिकाणचा पाठिंबा. राजकारण त्यालाही येत होतं. त्यातलं ‘कॉन्स्टिट्यूशन’ आजही बॉस्टनच्या चार्ल्सटाउनमध्ये पाण्यावर उभं आहे.

मग १७९४ मध्ये राजीनामा का दिला?

पैशासाठी. मोठा संसार, मोठा थाट, पगार तोकडा, आणि मेनमधली जमीन हाताशी. त्याच वर्षी व्हिस्कीवरच्या कराविरुद्ध ‘व्हिस्की बंड’ झालं, आणि युद्धमंत्री त्या वेळी जमिनीच्या कामासाठी मेनला गेलेला. त्याचं काम अर्थमंत्री हॅमिल्टनने रेटलं. वॉशिंग्टनला ते रुचलं नाही. वर्षअखेर नॉक्स पायउतार झाला.

जमीन एवढी असून दिवाळं कसं निघालं?

बरीच जमीन लूसीच्या आजोळची, वाल्डो घराण्याची. थॉमस्टनला त्याने ‘माँटपेलियर’ नावाचा तीन मजली वाडा बांधला आणि एकाच वेळी चुनाभट्ट्या, लाकूड, विटा, जहाजबांधणी, गुरं असे धंदे काढले. प्रत्येकाला आधी भांडवल लागतं. जमिनीवर वर्षानुवर्षं घरं करून बसलेले लोक पैसे द्यायला तयार नव्हते. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज, असा फेरा लागला. त्याच्या हुंड्यांना जामीन राहिलेले जुने सोबती, जनरल बेंजामिन लिंकन आणि कर्नल हेन्री जॅक्सन, तेही गोत्यात आले. जामीन राहिला तो बुडाला, हे तिकडेही खरं.

१७९८ मध्ये पुन्हा सैन्यात का गेला नाही?

फ्रान्सशी युद्धाची चिन्हं होती. वॉशिंग्टनने मेजर जनरलांची यादी दिली: हॅमिल्टन, पिंकनी, नॉक्स. जुन्या युद्धात पहिले दोघेही हुद्द्याने नॉक्सच्या खालचे. नॉक्सने अपमान मानला आणि नकार कळवला. नंतर तो मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात थॉमस्टनचा प्रतिनिधी होता. मेन १८२० पर्यंत त्याच राज्याचा भाग होता.

मृत्यू कशाने झाला?

जेवताना कोंबडीचं हाड गिळलं गेलं. ते आत रुतलं, जखम चिघळली, आणि काही दिवसांत, ५६ व्या वर्षी, तो गेला. मालमत्तेतून कर्ज फिटलं नाही. लूसी १८२४ पर्यंत त्याच वाड्यात राहिली.

फोर्ट नॉक्सचं सोनं त्याचंच का?

नाही. केंटकीतल्या लष्करी तळाला १९१८ मध्ये त्याचं नाव दिलं आणि सोन्याचं कोठार तिथे १९३० च्या दशकात आलं. त्याच्या स्वतःच्या तिजोरीचं वर सांगितलंच आहे. टेनेसीतलं नॉक्सव्हिल शहर आणि मेनमधला दुसरा फोर्ट नॉक्स हेही याच्याच नावाचे.

आज काय काय पाहता येतं?

टिकॉनडेरोगाचा किल्ला पुन्हा बांधलेला आहे आणि तिथे जुन्या तोफांचा मोठा संग्रह आहे. तिथून केंब्रिजपर्यंतच्या वाटेवर १९२० च्या दशकात दगडी खुणा बसवल्या आहेत. गाडीने जाताना त्या शोधत गेलं तर एक पूर्ण दिवस पुरत नाही. थॉमस्टनचा मूळ वाडा १८७१ मध्ये रेल्वेसाठी पाडला, आजचं संग्रहालय ही त्याची प्रतिकृती. बॉस्टन भागातल्या मराठी मंडळींना १७ मार्चची सुट्टी सेंट पॅट्रिकची वाटते. शहराच्या कागदांत ती ‘इव्हॅक्युएशन डे’ म्हणून नोंदलेली आहे. डॉर्चेस्टर हाइट्स आता साउथ बॉस्टनमध्ये मोडतं. टेकडीवर पांढऱ्या दगडाचा मनोरा आहे. तिथून बंदर किती खाली दिसतं ते पाहा, म्हणजे जहाजांच्या तोफा वर का रोखता आल्या नाहीत ते कळेल.